तीन सडांच्या रेवेची व्यवस्था

मी, अहल्या माधव लघाटे, निवृत्त शिक्षिका, राहणार फ्रीगंज, उज्जैन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळची धार स्वतः काढून झाल्यावर हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे दुखतात, डोकं शाबूत आहे. याआधीचं माझं मृत्युपत्र म्हणून कोणी कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

१. माझे यजमान कै. माधवराव यांच्यामागे माझ्या नावावर झालेलं राहतं घर मुलगा पराग याला मिळावं. रस्त्याकडचा गोठा मात्र त्याला आत्ता मिळणार नाही. त्याला तिथे शटर लावून एसटीडी बूथ टाकायचा आहे. "आई, फ्रीगंजमध्ये आता गाय कोण ठेवतं? बूथ मस्त चलेगा," असं तो म्हणतो. मी ठेवते. रेवा जिवंत असेपर्यंत गोठा आणि रेवा दोन्ही मुलगी जयूच्या ताब्यात राहतील. रेवेला विकू नये, रस्त्यावर मोकळी सोडू नये, पुण्याच्या नावाखाली कुठे पोचवून येऊ नये. तिच्यामागे गोठा परागचा. मग खुशाल बूथ टाकावा.

२. एवढा हट्ट का, तेही लिहिते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या अमावास्येला सूर्यग्रहण होतं. आदल्या दिवशी रेवेच्या मागच्या डाव्या सडातून दुधाच्या गाठी पडल्या. गुरांचे डॉक्टर कासदाहाचं इंजेक्शन देऊन म्हणाले, "बाईजी, थनैला है. थोड़ी-थोड़ी देर में दूध निकालते रहना, नहीं तो थन गया." संध्याकाळी ग्रहणाचे वेध लागले आणि माझे थोरले दीर भय्यासाहेब गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"वेधात धार काढायची नाही, अहल्या. आपल्याकडे कधी काढली नाही. एका रात्रीत काय बिघडणार आहे?"

मी भांडले. त्यांनी गोठ्याला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. दुसऱ्या दिवशी ग्रहण सुटून सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, तेव्हा दार उघडलं. रेवा मागचे पाय फाकवून उभी होती, अंगात ताप होता, कास दगडासारखी झाली होती.

लोक विचारतात, बरी झाली ना? ताप उतरला, एवढंच. कासेचा तो भाग कायमचा आटला. गाभण राहायला तिला फार वेळ लागला. पुढे व्याली तेव्हा वासरू नेमकं त्याच सडाला लुचत राहिलं. मी त्याचं तोंड दुसरीकडे वळवलं आणि तिथेच बसून रडले.

३. उरलेल्या तीन सडांना जपावं. हात धुऊन, कास कोरडी पुसून बसावं. पहिल्या धारा काळ्या वाटीत काढून गाठी आहेत का पाहावं. धार झाल्यावर लगेच वैरण टाकावी, म्हणजे ती उभी राहील; सडांची तोंडं उघडी असताना तिला शेणात बसू देऊ नये. ग्रहण असो की घरात सुतक, धार चुकवू नये. माझं प्रेत दारात असलं तरी जयूने आधी धार काढावी.

४. बँकेतली शिल्लक रेवेच्या पेंडीसाठी आणि डॉक्टरसाठी. पितळी चरवी जयूला. गोठ्याचं ते कुलूप परागने पुढे आपल्या शटरला लावावं, गोठ्याला पुन्हा लावू नये.

५. माझ्यामागे गोदान करायला भय्यासाहेब राम घाटावर रेवेबद्दल विचारून आले. तीन सडांची गाय दानाला चालत नाही, असं गुरुजींनी सांगितलं. बरं झालं. आता ते भाड्याची गाय आणतील, आणू नये. वैतरणीचं माझं मी पाहून घेईन.

६. तेराव्याला रेवेच्या दुधाची खीर करावी आणि पहिली वाटी भय्यासाहेबांपुढे ठेवावी. त्या ग्रहणापासून त्यांनी तिच्या दुधाला तोंड लावलेलं नाही. सोवळ्याचं निमित्त सांगतात, पण त्यांना तिच्यासमोर उभं राहवत नाही, हे मला दिसतं. माझा राग अजून गेलेला नाही. त्यांनी वाटी संपवली तर तो निवळला असं समजावं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये म्हणतात. खिरीला कोणी हरकत घेणार नाही.

वरील मजकूर माझा, अक्षर माझं. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

अहल्या माधव लघाटे
फ्रीगंज, उज्जैन. १२ नोव्हेंबर १९९८

साक्षीदार:

१. प्रभाकर कानडे, शेजारी.

२. भय्यासाहेब लघाटे. सगळं वाचून सही केली. तेराव्यापर्यंत थांबत नाही. आज संध्याकाळच्या धारेला मी गोठ्यात येतो, वाटी तिथेच दे.