टाकी फार छान दिसते आहे

चि. भाऊजींना वहिनीचे भरपूर आशीर्वाद. (भरपूर यासाठी, की शेवटी त्यातले थोडे परत मागायचे आहेत.)

तुम्ही बरे असालच. कामावर जाताना डबा घरी विसरत नसाल तर डोकंही ठिकाणावर आहे असं धरते. जाऊबाईंचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांगा, जिना चढताना दुखत असेल तर मुळात उतरूच नका. मुलं अभ्यास करत असतील, निदान तसं दाखवत असतील. तुम्हीही लहानपणी तेच करायचात, तुमच्या दादांनी मला सगळं सांगून ठेवलंय. माझी तब्येत झकास आहे. फक्त सारखं वर बघून मान आखडली आहे, आणि वर का बघते तेच लिहायला बसले.

भाऊजी, तुम्ही येऊन आमच्या पाण्याच्या टाकीचा तडा बुजवलात. तुमच्या हाताला गुण आहे हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. पण इतका गुण कशाला हो दाखवायचा? तुम्हाला तेव्हा कुणी धड सांगितलं नाही म्हणून आता सांगते. गावसमितीने नव्या टाकीसाठी सरकारी अनुदानाचा अर्ज केलाय. त्यांची अट एकच, जुनी टाकी धोकादायक असली पाहिजे. आपली तर होतीच. उंच खांबांवर उभी, एका अंगाला कललेली, आणि कललेली कुठे, तर माझ्या छपरावर. अर्जात तसं लिहिलंयसुद्धा, की खाली एक विधवा बाई एकटी राहते. (मला न विचारता लिहिलं. विचारलं असतं तर ‘हसतमुख’ हा शब्द घालायला लावला असता.) मग निरोप आला की टाकी बघायला इंजिनियर येणार. झालं! कुणी येणार म्हटलं की आपल्या गावाच्या अंगात काय संचारतं ते तुम्हाला ठाऊक आहे. समितीच्या अध्यक्षांच्या बायको, म्हणजे आपल्या अध्यक्षीणबाई, म्हणाल्या, परका माणूस येतोय, गावाची शोभा नको व्हायला. म्हणून तुम्हाला बोलावणं धाडलं. तुम्ही गेल्यावर पेंटरने टाकीला आकाशी रंग दिला, शाळेतल्या बाईंनी खांबांवर फुलं काढली, गंजकी शिडी काढून दुसरीकडून चांगली मागून आणली. मी म्हटलं, अहो, डॉक्टर येणार म्हणून आजाऱ्याला कुणी पावडर लावतं का? तर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, थोडी लावतात. भाऊजी, टाकी अशी दिसायला लागली की माझ्या लग्नात मीही इतकी नटले नव्हते.

इंजिनियर आला. पोरगेलासा, बूट चकचकीत. आला तो टाकीच्या खांबाला टेकून चहा प्यायला, आणि खांबाला टेकलाय हे पाहून मी बशी घेऊन दोन पावलं मागे सरकले. मग त्याने छोट्या हातोडीने तुमच्या गिलाव्यावर ठोकून बघितलं. ठण्ण! एक कण पडला नाही. म्हणाला, ‘अध्यक्ष, ही टाकी आधी मला रिटायर करेल, मग स्वतः होईल.’ गिलावा कुणी केला म्हणून विचारलं, तर आपले अध्यक्ष छाती काढून म्हणतात कसे, ‘आमच्याच गावचा माणूस आहे, साहेब!’ मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, ही नुसती वरची मलमपट्टी आहे, आतून खांब करकरतात, माझ्या घरात येऊन ऐका. ‘चला आजी,’ म्हणाला. (आजी! माझे केस पुढून अजून काळे आहेत. मागून त्याने बघायचं कारण नव्हतं.) मी त्याला माझ्या खाटेवर आडवं व्हायला सांगितलं, म्हणजे वरचा आवाज नीट कळेल. आडवा झाला, डोळे मिटून ऐकायला लागला, आणि चक्क झोपला. घोरत होता, भाऊजी! समिती सगळी दाराशी उभी, उठवायचं कुणी यावर कुजबुज. उठला तेव्हा म्हणाला, इतकी शांत झोप घरीसुद्धा लागत नाही. अहवालात लिहून गेला, ‘टाकी सुस्थितीत, परिसर शांत.’

समितीने पुन्हा धावाधाव केली, हातापाया पडली, आणि आता सोमवारी मोठे साहेब येणार आहेत. तोवर टाकी वाईट दिसली पाहिजे. गवंड्याने तुमचा गिलावा फोडून बघितला, तर त्याची छिन्नी तुटली आणि तो तुमच्या नावाने शिव्या घालत घरी गेला. मग पेंटरला सांगितलं, तडा रंगव. त्याने मन लावून रंगवला, छटा वगैरे देऊन. शाळेतल्या बाई म्हणाल्या, अगदी नकाशातल्या नदीसारखा दिसतो. आता येणारे-जाणारे थांबून तारीफ करतात.

मीही हसते. पण भाऊजी, टाकी भरायला लागली की खांब खरंच करकरतात. रंगाखाली काय चाललंय ते आता दिसतही नाही, आधी निदान तडा डोळ्यांपुढे होता. टाकी रिकामी करा म्हणावं तर गाव पिणार काय? म्हणून मी खाट दाराकडे सरकवली आहे, आणि पाय उंबऱ्याकडे करून झोपते, म्हणजे पळताना दिशा चुकायला नको.

तेव्हा रविवारपर्यंत तुमची ती जाड छिन्नी घेऊन या आणि आपलं काम आपल्या हाताने उतरवा. जाऊबाईंना नमस्कार, त्या धाकट्या असल्या तरी.

तुमची,
वहिनी

ता.क. छिन्नी राहू दे. पत्र बंद करत होते तेवढ्यात तुमच्या गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा माझ्या न्हाणीच्या पत्र्यावर पडला. मी आत नव्हते. अध्यक्ष धावत आले, तुकडा बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं. मोठे साहेब बघेपर्यंत तुकडा कुणी हलवायचा नाही, असं ठरलंय.

आणखी एक. मी म्हटलं, तोवर शाळेच्या खोलीत झोपते.  तर अध्यक्षीणबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘अहो, घर रिकामं दिसलं तर साहेब म्हणतील, धोका कुणाला? चार दिवस कळ काढा, गावासाठी.’ मी मोठ्या तोंडाने ‘हो’ म्हणून बसले. आता माघार घेतली तर नवी टाकी हातची गेल्याचं खापर माझ्यावर.

शेवटचं. हे जाऊबाईंना वाचून दाखवू नका. पत्र हातात पडताच निघा. चारचौघांत माझ्यावर ओरडा, वहिनीला न्यायला आलोय म्हणून सांगा, हाताला धरून ओढा. मी ‘नाही येत, नाही येत’ म्हणेन, कदाचित रडेनही. ऐकू नका.