अंगठ्यातला थेंब

बाबा, माझं काम काय आहे हे तुला सांगायचं राहूनच गेलं. मी तान्ह्या मुलांचं रक्त तपासते. तूही हिवतापाचा कर्मचारी म्हणून सायकलला काचपट्ट्यांची पेटी बांधून वाडीवाडीतून रक्ताचे नमुने गोळा करायचास. त्या रक्तात हिवतापाचा जंतू आहे का, हे तुला हवं असायचं. मी बघते, की हिवतापाची लस टोचल्यावर बाळाच्या रक्तात त्याच्याशी लढायची तयारी झाली का.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर वालावलला आले होते. खाडीकाठच्या एका घरात सात महिन्यांची मुलगी तापाने फणफणली होती आणि तिची आई तिला कुशीत घट्ट धरून बसली होती. मी कॉलेजात विज्ञान शिकणारी. तिला सुनावलं, "रक्त घ्यावंच लागेल, सोडा तिला." बाई आणखी मागे सरली. तू सगळ्यांसमोर मला झापलंस, "गो, रक्त मागतंस, पण चेडवाचां नाव इचारलंस?" माझे कान लाल झाले. मग तू घरापुढच्या खळ्यात मांडी घालून बसलास, नाव विचारलंस, नाक कोणासारखं यावर वाद घातलास. शेवटी बाईनेच मुलीचा पाय पुढे केला. तू अंगठ्याला सुई टोचलीस, थेंब काचेवर घेतलास, आणि मुलीने घर डोक्यावर घेतलं.

"रडांदे गो, आवाज बरो आसा," तू म्हणालास.

"बापाशीसारखांच रडता तां," बाई हसत म्हणाली.

रक्तात हिवताप निघाला. गोळ्यांनी मुलगी बरी झाली, आणि पुढच्या फेरीला त्या बाईने तुला खाडीतले ताजे मासे केळीच्या पानात बांधून दिले.

दहा वर्षांनी मी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होते. तिथेही माड, तिथेही वाळत घातलेल्या मासळीचा वास. तिथे काही तान्ह्यांना हिवतापाची नवी लस देत होते, काहींना तुलनेसाठी दुसऱ्याच रोगाची. कोणाला कोणती, हे आयांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. सगळ्यांना धास्ती एकच होती. पोटात असताना आईकडून मिळालेली, जंतूशी लढणारी प्रतिपिंडं बाळाला काही महिने राखतात, पण तीच कधी लशीच्या आड येतात. शिवाय इतक्या लहान जिवाची स्वतःची ताकद अजून कच्ची. ही बाळं लशीला दाद देतील का? एक आई नर्सच्या मदतीने मला विचारत होती, "माझं बाळ लढायला शिकलं का?" मी बाळाचं नाव विचारलं. नर्स हसली, "तुमच्या नळीवर तर नुसता नंबर असतो." असू दे म्हटलं, माझ्या बाबाची शिस्त आहे. त्यावर ती आईही हसली आणि बाळ माझ्या मांडीवर देऊन मोकळी झाली. त्याने लगेच माझा कोट ओला केला.

तिसऱ्या डोसनंतरचे नमुने आले तो दिवस मला अजून दिसतो. समोर बारीक खळग्यांची ताटली आहे, एका खळग्यात एका बाळाचा नमुना. प्रतिपिंडं असली तर खळगा पिवळा होतो. आधी काहीच नाही. मग एक खळगा पिवळसर होतो, शेजारचा होतो, खालच्या ओळीतले चार होतात. थोड्या मोठ्या मुलांच्या नमुन्यांइतका गडद नाही, काही तर कोरेच राहतात, बहुधा दुसरी लस मिळालेल्यांचे, पण रंग आहे! हिवतापाची लस मिळालेली बाळं शिकत होती. मी ओरडले, "इलो रे, इलो!" मालवणी कोणालाच येत नव्हती, तरी सगळे टाळ्या पिटत माझ्याभोवती जमले. हे बळ किती टिकेल, ताप किती अडवेल, ते प्रश्न उभेच होते. त्या दिवशी मात्र आम्ही मिठाई मागवली.

हे मी वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय आणि ते इथेच राहणार. पण एक कबूल करते. मी आफ्रिकेला जाण्याआधी, तुझ्या शेवटच्या आजारात, तू माझं पुस्तक चाळत विचारलं होतंस, "प्रतिपिंड म्हणजे काय गो?" मी म्हणाले होते, "तुका नाय कळाचां." बाबा, तुला सोपं करून सांगण्याइतकं तेव्हा ते मलाच कळलं नव्हतं.