ट्रंकेवरचा हक्क

लंडन, ९ नोव्हेंबर १९६२

ती. दादास, मुकुटबनच्या तांड्यावर फुलसिंगचा दुरून रामराम.

मी सुखरूप आहो, कॉलेज सुरू झालं. ट्रंक मात्र विमानातून उतरलीच नव्हती. विमान कंपनीचा साहेब म्हणे, "गरम कोट घ्या, पावती आणा, पैसे देतो." पावती नेली, तर त्यानं सहीले कागद पुढे केला. लय गोड हसून राह्यलता, म्हणून मले शंका आली. वाचलं, तर सही केली की ट्रंकेवरचा हक्क संपत होता. आत आपल्या मायनं, याडीनं, डोळे फोडून शिवलेली गोधडी. मी म्हटलं, "नको तुमचे पैसे."

आठव्या दिवशी ट्रंक आली, कुलूप शाबूत. साहेबानं दुसऱ्या, हक्काची अट नसलेल्या कागदावर सही घेऊन कोटाचेही पैसे दिले. मग पहिला कागद काहून पुढे केलता?

याडीचा खोकला थांबला का? मागच्या पत्रात तुम्ही त्यावर एक ओळही लिहिली नाही. खरं कळवा.

तुमचा धाकटा,
फुलसिंग