पाणी प्यालात का?

मंगळवार, संध्याकाळ

आज गडमुडशिंगीला जाऊन एकट्या राहणाऱ्या आईचा फोन साफ केला. पाण्याची आठवण करून देणारं एक ॲप तिचं ठिकाण, सगळे नंबर गुपचूप कुठंतरी पाठवत होतं. काढून टाकलं. म्हटलं, "आई, ते तुझ्यावर पाळत ठेवत होतं."

"ठेवंना का! रोज इचारत हुतं की, पाणी प्यालात का म्हणून. मी बी 'व्हय बाबा, प्यालो' म्हणायचो त्येला. तू कवा इचारलंस गं?"

मी हसले. ती हसली नाही.

योग्यच केलं ना मी? मग परतताना रडू का आवरेना? पाणी प्यालात का, एवढंच तर विचारायचं ते. त्याच्याकडे आईचा नंबर होता. माझ्याकडेही होताच की.