पान तोंडात, बोट ओळीवर

३ जुलै, गुरुवार
ही पोर काय जन्मात वाचायची नाही.
लिहून टाकलं. घरात बोलायची सोय नाही ना!
ईश्वरी, माझी नात. नऊ वर्षांची. बोलायला लागली की मला गप्प बसवते — मला! आणि पुस्तक उघडलं की घशात काटा अडकल्यासारखी. इथं म्हैसुरात शाळेत इंग्रजी, कानडी, हिंदी. तिन्हींची अक्षरं तिच्यापुढं नाचतात म्हणे. निशांत, माझा लेक, ओरडतो. सूनबाई अदिती डोळे पुसते. मी लाडू देते. खेड्यातल्या चौथी पास बाईनं आणखी काय द्यायचं?
हे असते तर म्हणले असते, "तुझ्यावरच गेलीय." भांडायलाही कोण उरलं नाही, म्हणून ही वही.

८ जुलै
शाळेत बोलावलं होतं. सुप्रीता टीचर. तीन पिढ्या म्हैसुरातच, मराठी बोलतात पण निम्मं कानडी. त्यांच्या खोलीत एका वेळी एकच मूल. म्हणल्या, "पोरगी हुशार आहे अज्जी. तिचा रस्ता वेगळा, अष्टे." म्हणजे, एवढंच.
सगळ्या भाषा एकदम नकोत, आधी घरची मराठी. ताटात नाचणीचं पीठ पसरून बोटानं अक्षर काढायचं, तोंडानं म्हणायचं. आणि रोज वीस मिनिटं माझ्यासमोर वाचायचं. "अडली तरी सांगायचं नाही हं. थांबायचं."
ईशूसाठी वेगळा कागद केलाय त्यांनी. त्यात माझं नाव — "आजी : ऐकणार." मला ऐकायची नोकरी! निशांत खो खो हसला. "आई? आणि गप्प?"

९ जुलै
पिठात 'क' निघाला. त्याच पिठाची भाकरी केली. ईशूनं 'क' खाल्ला, वर तूप मागितलं.

४ ऑगस्ट
मला थांबवत नाही! एकाच शब्दावर पोर अडून बसते. ओठ हलतात, मान खाली. मला माझे मास्तर दिसतात, त्यांची छडी दिसते. मग मी आपलं हळूच म्हणून दाखवते, ती माझ्यामागनं म्हणते. आमच्या शाळेत असंच होतं — मास्तर एकदा, पोरं तीनदा.
"टीचरला सांगू नको," म्हणलं.
"तू पण सांगू नको."
दोघी चोर.

१० सप्टेंबर
घडाघडा वाचली! माकडाची अख्खी गोष्ट, ओळीवर बोट ठेवून. अदिती रडली — या वेळी आनंदानं. मी केसरीभात केला. तूप बघून निशांत म्हणला, "आई, बाबांचं हार्ट आठव." म्हणलं, त्यांनी खाल्लं असतं.

१२ सप्टेंबर
आज ईशूनं दोन पानं एकदम उलटली. तिला पत्ताच नाही! मधलं पान डोळ्यापुढं नव्हतंच, तरी सगळं म्हणून मोकळी. मी पोट धरून हसले. अगदी माझ्यावर गेलीय.
संध्याकाळी अदिती म्हणली, "आई, सोमवारी टीचर तपासणार आहेत. जमत असेल तर तिचा तास दुसऱ्या मुलाला देतील. सहा मुलं वाट बघतायत."
हसू कुठं गेलं कळंना. तास गेला तर पोर परत त्या भरल्या वर्गात, मान खाली घालून. आणि हे मी केलं. लाडानं केलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
ईशूच्या आधी मीच आत घुसले. म्हणलं, "टीचर, गोष्ट वाचली ती मी. ती नुसती माझ्यामागनं म्हणलीय." सगळं सांगितलं. चौथीत मी पुस्तक उलटं धरून, पाठ म्हणून पास झाले, नीट वाचायला मागनं शिकले, तेही. वाटलं, आता छडी.
"अय्यो अज्जी!" कपाळाला हात लावला त्यांनी. मग हसायलाच लागल्या. "पण केवढं ध्यानात राहतंय तिच्या! हे माझ्या कागदावर नव्हतंच. आता हाच कान कामाला लावू." त्यांनी लिहूनच घेतलं.
तास राहिला! पाया पडणार होते, मागं सरल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बाई.
मला मात्र शिक्षा दिली. वाचन सुरू झालं की तोंडात विडा घालायचा. विडा संपेपर्यंत ब्र काढायचा नाही. हे जन्मभर माझ्या पान खाण्यावरनं ओरडले. आता शाळेनंच सांगितलंय! यांच्या फोटोसमोर उभं राहून एक खाल्लं.

९ ऑक्टोबर
नवी गोष्ट. मी एकदाही म्हणून न दाखवलेली.
ईशू अडली. मी चावत होते. "द..." चावत होते. "ग..." विडा गिळला गेला तरी गप्प.
"ड. दगड! आजी, दगड!"
माझ्याकडं बघून म्हणली, "रडतेस का? चुना जास्त झाला?"
मान हलवली. झाला म्हणून.

२६ ऑक्टोबर
टीचरना म्हणलं, माझाही एक कागद करा. म्हणल्या, "केलाय की. विडा." बाई माझ्या वरचढ निघाली!
माझ्या वेळी कुणी असं बाजूला घेऊन बसलं असतं तर? जाऊ दे. आता बसलं ना, नातीच्या निमित्तानं. देवापुढं हात जोडले की आधी टीचरचंच नाव येतं. देवानं समजून घ्यावं.

१६ नोव्हेंबर, रविवार
भाजी घेऊन आले तर ईशूच्या मांडीवर ही वही. पहिलं पान. पहिल्या ओळीवर बोट. "ही... पोर..."
हिसकावणार होते. तोंडात पान नव्हतं, तरी गप्प उभी राहिले. 'जन्मात'वर किती वेळ अडली! पण सहाच्या सहा शब्द वाचले. एकटीनं.
मग वर बघून म्हणली, "आजी, हे चुकलंय. खोडू?"
पेन तिच्या हातात दिलं.