जिताड्याच्या पिल्लांचं प्रोटीन

३ जून, सकाळी
हॅचरीतून जिताडा माशाची वीस दिवसांची पिल्लं आणली. दोन हजार. गच्चीवरच्या टाकीत सोडली. आजपासून सगळं काटेकोर. अंकुशकाकाला शब्द दिलाय की महिनाअखेर बोटाएवढी हजार पिल्लं त्याच्या जासईच्या तळ्यात सोडीन. नाहीतर तो तळं बुजवून जागा कंटेनरच्या पार्किंगला देणार.

४ जून
या वयात प्रोटीन पन्नास टक्क्यांच्या वर हवं, त्यात लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं नीट. पोट कच्चं असतं, म्हणून बारीक पावडर. सुका जवळा आणि अंड्याचा बलक मिक्सरला लावला. आई म्हणाली, आता आठवडाभर खोबऱ्याच्या चटणीला खाडीचा वास. सायन्समध्ये एवढं चालायचंच.

९ जून
सखूआत्या आली. उरणच्या बाजारात तिने जन्मभर मासळी विकली. म्हणाली, मोठी पिल्लं चाळणीने वेगळी काढ. मी समजावलं, सगळ्यांना सारखं प्रोटीन मिळतंय, मोठंछोटं होणारच नाही. शाळेच्या आधी मला गणित तिनेच शिकवलं, माशांचे वाटे लावून. म्हणून वाईट वाटलं. पण टक्केवारी तेव्हा आम्ही केली नव्हती.

१३ जून
मोजली. एक हजार तीनशे चाळीस. मेलेलं एकही सापडलं नाही, म्हणजे मृत्युदर शून्य. मोजणी चुकली असणार. माझीच चूक.

१८ जून
सहाशे दहा. तीनदा मोजली. बगळ्यावर संशय. जाळी बांधली. काही पिल्लं दुप्पट झालीत, फॉर्म्युला लागू पडतोय. पावडर तळाशी उरते. थोडक्यात भागत असेल.

२४ जून
सत्त्याऐंशी. जाळी शाबूत. बगळा हुशार आहे. लायसिन वाढवलं.

२९ जून, संध्याकाळी
काका आणि आत्या आले. एकोणीस पिल्लं. काका टाकीवर वाकला आणि तसाच राहिला. एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर होती, हलत.
आत्या म्हणाली, "मनिषा, उपाशी नाय ठेवलंस तू त्यांना. एकमेकांना वाढलंस."
मी पावडरचं प्रमाण सांगू लागले. कुणी अडवलं नाही.

२ जुलै
जासईला गेले. मुरमाचे डंपर आले होते. काका रागावेल म्हणून उत्तरं पाठ केली होती. त्याने चहा सांगितला, बसायला खुर्ची दिली. तिथून तळं बुजताना नीट दिसत होतं.