मानाचं हाड

१२ नोव्हेंबर
केला फोन! तक्रारीच्या सरकारी नंबरावर. बाजाराच्या नावाखाली कराकोलला गेले आणि तिथल्या पोस्टातून केला. गावातून केला असता तर संध्याकाळच्या आत कोंबड्यांनासुद्धा कळलं असतं.

सांगितलं सगळं. सॅनिटोरियमच्या मुलांचं मटण दर गुरुवारी धुलाईच्या गाडीतून जातं, मळक्या चादरींखाली लपवून, डायरेक्टरच्या भावाच्या खानावळीत. चादरींवरचे रक्ताचे डाग मीच धुते ना! आणि इथे छातीच्या दुखण्याची पोरं कोबीचं पाणी पितात. त्यात माझी बेगिमायही. आई इथे कामाला म्हणून तिला खाट तरी मिळाली.

पलीकडची मुलगी गोड बोलली. एजे म्हणाली मला, सख्ख्या मोठ्या बहिणीला म्हणावं तसं. "नाव सांगू नका, एजे. कायदाच आहे तसा. तुम्ही कोण ते कुणालाही कळणार नाही."

आज झोप येईल बहुतेक.

१६ नोव्हेंबर
मूर्ख! मूर्ख मी!

तपासणी आली. साहेबाने आम्हा सगळ्यांना जेवणघरात उभं केलं आणि तक्रार मोठ्याने वाचून दाखवली. नाव नाही, खरंच नाही. पण "मळक्या चादरींखाली लपवून" — शब्द जसेच्या तसे! चादरींचं ठाऊक कुणाला? गाडीवाला मेदेत, स्वयंपाकीण उल्कान एजे आणि मी. नाव दिलं नाही, पण पत्ता देऊन बसले!

डायरेक्टर जारिलबेक एकेकाकडे बघत आले. माझ्यापाशी नजर पोचणार, तोच उल्कान एजेंना खोकल्याची उबळ आली. चांगली जोरात. सगळे तिकडे वळले. खुदाच पावला म्हणायचं.

फ्रीज मटणाने गच्च भरलेला निघाला! कुणीतरी आधीच कळवलं असणार. साहेब चहा पिऊन गेले.

१८ नोव्हेंबर
रोज मुलांच्या पानात मटण. बेगिमाय विचारते, "आई, कसला सण आहे गं?"

२१ नोव्हेंबर
उल्कान एजेंना काढलं. त्यांची जीभ तिखट, डायरेक्टरशी सारख्या भांडायच्या, म्हणून त्यांचंच हे काम — ठरवूनच टाकलं सगळ्यांनी. राहायची खोलीही सोडायची आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला, कुठे नेणार त्याला? मेदेत म्हणतो, "म्हातारीला फार खाज होती, भोगेल आता."

आणि मी? चादरींच्या घड्या घालत उभी. तोंड उघडलं तर बेगिमायची खाट जाईल, या थंडीत! हेच दिवसभर मनाला सांगत होते. मन ऐकत नाही.

२४ नोव्हेंबर
डायरेक्टरच्या आईची ऐंशी वर्षं झाली, त्याची मेजवानी. उल्कान एजेही आल्या. म्हातारीचं बोलावणं कोण मोडणार?

मटण वाटायला डायरेक्टर स्वतः उठले. ज्याचा जसा मान, तसं हाड. आणि उल्कान एजेंच्या ताटलीत काय ठेवावं? मेंढीचा कान! कान पोरासोरांना देतात, थोरांचं ऐकायला शिकावं म्हणून. साठीच्या बाईला कान!

एजेंनी कान उचलला, सावकाश चावून खाल्ला, बोटं पुसली. "छान शिजलाय हो, जारिलबेक. कानाची सोय केलीस. तोंडाची काय करणार?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. डायरेक्टर लालबुंद! मग माझ्याकडे आले. मला खुब्याचं हाड — मानकऱ्यांचं! "आमची जिपार बघा. आपण भलं, आपलं काम भलं."

रिवाजाप्रमाणे हाड पिशवीत बांधून घरी आणलं. खिडकीबाहेर थंडीत टांगलंय. तिकडे बघवत नाही. लाज वाटते.

२६ नोव्हेंबर
पुन्हा फोन केला. तीच मुलगी. विचारलं, मला कायदा झाकतो, मग माझ्यापायी जिची नोकरी गेली तिला कोण झाकणार?

अडखळली. "त्यांनी तक्रार केलेली नाही ना, एजे. संरक्षण तक्रार करणाऱ्याला."

वा रे कायदा! छत्री एकीला आणि भिजतेय दुसरीच!

मग म्हणाली, नाव लेखी दिलंत तर त्या आळातून सुटतील. चौकशी संपेपर्यंत तुम्हालाही काढता येणार नाही, मुलीची खाटही नाही. "कागदावर तरी," असं हळूच म्हणाली. खरं बोलणारी पोर आहे.

२७ नोव्हेंबर
एजेंकडे गेले. गाठोडी बांधत होत्या. दारातच मला रडू फुटलं. "मीच ती, एजे!"

"ठाऊक आहे. हळू बोल, हे आत्ताच झोपलेत." चहा ओतला माझ्यासाठी. "साहेब वाचत होता तेव्हा तुझं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आणखी जरा वेळ, आणि आंधळ्यालाही दिसलं असतं."

"म्हणजे... तो खोकला?"

"मला कधी खोकला झालाय का गं, वेडे? ते मटण माझ्या डोळ्यांदेखत जायचं. बोलायची छाती नाही झाली. निदान खोकायची तरी झाली." माझ्या हातात कप कोंबला. "आता गप्प राहायचं. तुझी पोर आत आहे. माझं काय, मी कुठेही भाकरी भाजीन."

घरी येईपर्यंत रडत होते.

३० नोव्हेंबर
सकाळी कराकोलला जाऊन नाव दिलं. सही केली.

दुपारी जेवणघरात, सगळ्यांदेखत, खुब्याचं हाड डायरेक्टरच्या ताटात ठेवलं.

"हे काय?"

"उल्कान एजेंचं आहे. चुकून माझ्याकडे आलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. या वेळी कुणी खोकलं नाही.